काळी चारच्या प्रेमिलाबाई

प्रेमिलाबाई कन्हानकर यांना स्टेजवर चढवायला दोन माणसं लागतात. एक जण हात धरतो, दुसरा मागे उभा राहतो, आणि बाई स्वतः प्रत्येक पायरीला आपल्या गुडघ्यांचा उद्धार करत वर जातात. पण एकदा माईक हातात आला की त्याच बाई दोन-अडीच तास उभ्या. आयोजकांनी कौतुकाने ठेवलेल्या खुर्चीवर त्या पाण्याची बाटली ठेवतात. "बसूनच गाणं म्हनाचं त मंग घरीच काहून नाही बसाव?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता कोरसच्या बायांना खूण करतात.

सत्तरी ओलांडलेली ही बाई नागपुरात आणि आजूबाजूच्या गावांत अजून गर्दी खेचते. नवी पोरं येतात, कीबोर्ड आणतात, धूर सोडतात, रंगीत दिवे फिरवतात. लोक बघतात, मोबाइल काढतात आणि थोड्या वेळाने भजी खायला जातात. प्रेमिलाबाई उभ्या राहिल्या की भजीवालाच कढई उतरवून पुढे येऊन बसतो. बाई भीमगीतं गातात, लग्नाची गाणी गातात, सासू-सुनेची गाणी गातात, आणि मधेच समोरच्या एखाद्या नगरसेवकाला असा टोमणा मारतात की त्यालाही टाळी वाजवावी लागते.

कन्हानकर हे काही त्यांचं आडनाव नाही. ते रामटेके. बाप कन्हानच्या बाजूला कोळशाच्या खाणीत होता, म्हणून कॅसेटवर कन्हानकर असं नाव पडलं. छप्पन साली दीक्षेला त्यांची आई कन्हानहून नागपूरला पायी आली होती, पांढरं लुगडं नेसून, आणि कडेवर ही प्रेमिला. त्या दिवसाचं बाईंना काहीच आठवत नाही. "सगळं गाव जागं होतं न मी झोपली होती म्हने," असं सांगून त्या स्वतःच हसतात. पुढे लग्न झालं ते गाणी लिहिणाऱ्या माणसाशी. त्याने सासूच्या तोंडून ती वाट ऐकली आणि गाणं लिहिलं, 'पांढरं लुगडं नेसून माय निघाली'. त्या गाण्याची कॅसेट एवढी वाजली, एवढी वाजली, की लोकांच्या घरी ती फीत घासून विरून गेली, आणि लोकांनी नवी आणली.

त्या कॅसेटवर मागे जी पेटी वाजते ती बळीरामची. बळीराम म्हणजे प्रेमिलाबाईंचा धाकटा दीर. दिवसा इतवारीत भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून स्टीलच्या डब्यांवर, गंजांवर, परातींवर लोकांची नावं कोरायची आणि संध्याकाळी वहिनीच्या मागे पेटी वाजवायची, हा त्याचा जन्मभराचा धंदा. कोरताना मान खाली, वाजवतानाही मान खाली. हजारो लोकांनी त्याला पाहिलंय, पण रस्त्यात ओळखणारा एक सापडायचा नाही. त्याबद्दल त्याची काही तक्रारही नव्हती.

या सरळ, मुकाट माणसाने एक लबाडी केली होती, आणि ती तो वर्षानुवर्षं करत आला होता.

गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर बसतो ती त्याची पट्टी. प्रेमिलाबाईंची पट्टी काळी चार. बाईमाणसाच्या गळ्याला ही चांगली चढी पट्टी, आणि बाईंना तिचा भारी तोरा. त्यांच्या बरोबरीचे कव्वाल गिरिधर वयापरत्वे खाली उतरले, तेव्हा बाईंनी भर मुकाबल्यात माईकवरून म्हटलं होतं, "गिरिधरभाऊ आजकाल तळघरातून गाऊन राहिले, जरा कान देऊन आयका." लोक खुर्च्यांवरून पडायचे तेवढे बाकी राहिले. गिरिधरचं तोंड एवढंसं झालं. आणि त्याच झोकात बाईंनी शपथही घेतली. "ज्या दिवशी माही पट्टी उतरंल, त्या दिवसापासून मी घरी बसीन. उतरलेल्या गळ्यानं बाबासाहेबाचं नाव घेनार नाही." पुढे ही शपथ त्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात घेऊ लागल्या. लोकांना ती एखाद्या गाण्यासारखी पाठ झाली.

बळीरामची पेटी साधी नव्हती. तिला स्केल चेंजर म्हणतात. तिच्या डाव्या अंगाला एक खुंटी असते. ती उचलून सगळ्या पट्ट्या एक घर डावीकडे सरकवल्या, की बोटं काळी चारवरच फिरतात पण आवाज अर्धा सूर खाली निघतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. बळीरामने ती खुंटी वेगवेगळ्या वेळी, कुणाला न सांगता, एकूण तीन घरं खाली आणली होती, आणि तिच्यावर कायम आपला निळा दुपट्टा टाकून ठेवला होता. ढोलकवाला धम्मानंद आपला ढोलक पेटीला लावून घ्यायचा, कोरस पेटीच्या मागे जायचा. वहिनी त्याच्या बोटांकडे बघायच्या, काळी चारवर बोटं दिसली की निश्चिंत व्हायच्या आणि गायला लागायच्या.

एवढ्या मोठ्या गायिकेला कळलं कसं नाही, असं कुणी विचारेल. त्याने एकदा स्वतः गाऊन पाहावं. अर्धा सूर म्हणजे काही जिन्याची पायरी नव्हे, की पाय अडखळेल. आणि जे मानायचंच नाही ते माणसाच्या कानात लवकर शिरतही नाही. बळीराम मात्र प्रत्येक कार्यक्रमाला जीव मुठीत धरून बसायचा. वहिनीला कळलं की वहिनी घरी बसणार, हे त्याला सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं. बाईचा शब्द होता तो. असल्या बाईचा शब्द मोडत नाही, माणूस मोडतो.

यंदाच्या जयंतीला पाचपावलीत मोठा कार्यक्रम होता. आयोजन मेघा नावाच्या मुलीकडे होतं. मुलगी शिकलेली, तडफदार, आणि प्रेमिलाबाईंच्या गाण्यांवर वाढलेली. तिने हौसेने सांगितलं, की पेटी असू द्या, पण सोबत प्रीतमचा कीबोर्डही घेऊ, म्हणजे कॅसेटवर जसं संगीत होतं तसं भरगच्च होईल. प्रीतम हा हुशार पोरगा. त्याने जुनी कॅसेट मिळवून सगळे तुकडे जसेच्या तसे बसवले होते, काळी चारमध्ये.

तालमीच्या आधी बळीरामने प्रीतमला एका बाजूला घेतलं.

"बेटा, तुही मशीन तीन घरं खाली घे."

"पन आजी त काळी चारमधी गाते ना, काका? शपथ हाय ना त्याईची?"

"हाव, हाय शपथ. म्हनूनच सांगून राहिलो. खाली घे, न कोनाले बोलू नको."

प्रीतमने मान डोलावली आणि एक बटण तीनदा दाबलं. पोरगा गुणी निघाला. तालीम निर्विघ्न पार पडली. बळीरामला वाटलं, चला, निभावलं.

जयंतीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. संध्याकाळ झाली तरी मंडपाचं कापड तव्यासारखं तापलेलं. सगळीकडे निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, सरबताचे पिंप, आणि बायांचा हा एवढा घोळका. प्रेमिलाबाई पांढऱ्या साडीत, निळ्या काठाची, केसांना ताजी मेंदी. गुडघ्यांचा उद्धार झाला, माईक आला, बाटली खुर्चीवर गेली. पहिली तीन गाणी अशी झाली की धम्मानंदने ढोलक वाजवता वाजवता डोळे मिटून घेतले.

आणि लाइट गेली. कूलर बंद, माईक बंद, दिवे बंद. लोकांनी 'अरे!' म्हणून एकच गलका केला. पण पेटीला काही लाइट लागत नाही. बळीरामने भाता चालवला, धम्मानंदने ठेका धरला, आणि प्रेमिलाबाई माईक न घेता पुढे येऊन लग्नातल्या रुसव्याचं गाणं म्हणू लागल्या. पुढच्या रांगा मागच्यांना गप्प करत होत्या, मागच्या उभ्या राहिल्या होत्या. मेघा तोंडाला हात लावून कोपऱ्यात उभी होती. या वयात, या उकाड्यात, बिनमाईकचा तो आवाज मंडपाच्या टोकापर्यंत जात होता, आणि बळीरामला आपल्या वहिनीचा असा अभिमान वाटला की त्याचा ताल चुकता चुकता राहिला.

लाइट आली तसा जल्लोष झाला. लोक ओरडू लागले, "माय निघाली! माय निघाली!" बाईंनी प्रीतमकडे बघून मान डोलावली, म्हणजे सुरू कर. प्रीतमने जोशात सुरुवातीचा तुकडा वाजवला.

पहिल्याच सुराला बळीरामने ओळखलं. ती खरी काळी चार होती. लाइट गेली तशी मशीन बंद झाली होती, आणि परत चालू होताना आपल्या मूळ जागेवर जाऊन बसली होती. बटण पुन्हा तीनदा दाबायचं प्रीतमच्या ध्यानातच नव्हतं.

तुकडा संपायला दोनच ओळी उरल्या होत्या. बळीराम आपल्या पट्टीत वाजवता तर पेटी आणि कीबोर्ड असे भांडले असते की भर जयंतीत वहिनीचा तमाशा झाला असता. हात आपोआप गेला. दुपट्टा बाजूला, खुंटी वर, पट्ट्या खटकन उजवीकडे, एक, दोन, तीन घरं. मान वर केली तर प्रेमिलाबाई मागे वळून त्याच्याकडेच बघत होत्या. त्याच्या तोंडाकडे नव्हे, खुंटीवरच्या हाताकडे.

त्या पुढे वळल्या आणि गायला लागल्या. दुसरी कुणी असती तर थांबली असती. मुखडा निघाला, पण गळ्याची शीर दोरीसारखी वर आली. कडवं सुरू झालं. त्यात एक ओळ वर जाते, 'पुलावरून पाहे, उजाडलं काय', तिथे कॅसेटमधला तो आवाज अजून लोकांच्या अंगावर काटा आणतो. ती ओळ जवळ येत होती. बाई त्या ओळीवर गेल्या, 'पुला' म्हणाल्या, आवाज फाटला, आणि त्याच श्वासात त्यांनी हसून माईक लोकांसमोर धरला.

सगळ्या मंडपाने ती ओळ म्हटली. म्हाताऱ्या बायांनी म्हटली, सरबतवाल्यांनी म्हटली, लेकरांनी बेसूर म्हटली. बाईंनी हाताने खूण केली, पुन्हा. लोकांनी पुन्हा म्हटली, अजून जोरात. बाई खालची ओळ गायच्या, वरची लोकांकडून घ्यायच्या, आणि गाणं असं काही रंगलं की मेघाला वाटलं, बाईंनी हे आधीच ठरवून ठेवलं असावं. दुसऱ्या दिवशी त्याचाच व्हिडिओ सगळ्या मोबाइलवर फिरला. हरलेला डाव उभ्या उभ्या जिंकणारी असली बाई लाखात एखादी. पण त्या रात्री बळीरामला त्यातलं काही दिसत नव्हतं. घरी पोचल्यावर ऑटोतून उतरताना त्याने हात पुढे केला, तो बाईंनी धरला नाही.

सकाळी तो इतवारीला जायला निघाला होता, तेवढ्यात दारात ई-रिक्षा थांबली. प्रेमिलाबाई कधी त्याच्या घरी येत नसत. पहिल्या मजल्याचा जिना त्यांच्या गुडघ्यांना मानवत नसे. त्या दिवशी एकट्याच जिना चढून आल्या, बळीरामच्या बायकोने पुढे केलेला चहा खाली ठेवायला लावला आणि पेटीच्या खोक्यासमोर बसल्या.

"काढ."

त्याने पेटी काढली. "काळी चार दे. खरीवाली."

त्याने दिली. त्यांनी ती वरची ओळ धरली, आवाज फाटला. पुन्हा धरली, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी धरलीच नाही.

"आता सरकव. पहिले सरकवलं थे कधी?"

कोंबडं झाकून आता उपयोग नव्हता. बळीरामने पट्ट्या एक घर खाली घेतल्या.

"दादा गेला तवा," तो म्हणाला. दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ, बाईंचा नवरा, त्या गाण्याचा लिहिणारा. "कामठीचा कार्यक्रम होता. तुमी रडून रडून गळा बसवला होता. मी म्हटलं, आजच्या दिवस एक घर खाली घेतो, उद्या वर करीन. नाही केलं."

बाईंनी त्या पट्टीत ओळ म्हणून पाहिली. ती लागली, पण ओढून-ताणून. "मंग?"

त्याने दुसरं घर खाली घेतलं. "गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं तवा. डॉक्टर बोलला होता का आता गाऊ नका. तुमी टाके निघाले का सुरू."

"मंग?"

तिसरं घर. "कोरोनात. ऑक्सिजन लागला होता तुमाले."

इथे ओळ सहज लागली. हीच ती पट्टी, काल-परवापर्यंत बाई ज्यात गात होत्या. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"मले वाटे, मी पक्की होऊन राहिली," त्या म्हणाल्या. "वय वाढून राहिलं न गानं सोपं होऊन राहिलं. म्या त्या पोट्ट्याईले सांगतलं गा, रियाज करा, माह्यासारखा रियाज करा." आणि त्या एकदम भडकल्या. "मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुमी घरी बसल्या असत्या."

"बसली असती. मंग? माहा शब्द होता थो. तू कोन होतं माह्या शब्दाचं वाटोळं करनारा? गिरिधरभाऊले मी भर लोकाईत तळघरातला म्हटलं न स्वतः त्याच्याच शेजारी बसून गाऊन राहिली! हे माह्यासाठी केलं का तुह्यासाठी?"

बळीराम आयुष्यात वहिनीला उलटून बोलला नव्हता. त्या दिवशीही त्याचा आवाज चढला नाही, पण उत्तर खरं दिलं.

"माह्यासाठी," तो म्हणाला. "दिवसभर मी लोकाईचे नावं कोरतो, वहिनी. संध्याकाळी तुमच्या मांगं बसलो का मले वाटते, मीबी हाय. तुमी बसल्या असत्या त मी कोनाच्या मांगं वाजवलं असतं?"

बाई उठल्या. चहा तसाच राहिला. जिना उतरताना त्या भिंत धरून उतरल्या, आणि गाणार की नाही ते सांगितलं नाही.

पुढे कन्हानला बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम ठरलेला होता. बाईंच्या माहेरचा. गावाच्या वेशीपाशी त्यांच्या फोटोचं मोठं फ्लेक्स लागलं होतं. मेघाचे फोन येत होते, प्रीतमचे येत होते, आणि बळीराम सगळ्यांना 'पाहू' एवढंच सांगत होता. वहिनीच्या घरून रियाजाचा आवाज येत नाही, असं शेजारची लतिका, कोरसमधली, सांगून गेली. रोज सकाळी नुसत्या टाळीवर म्हटलेली गाणीही बंद. बाई खाटेवर बसून असतात, कुणी आलं तर बोलतात, गाण्याचा विषय निघाला की पाणी प्यायला उठतात. बळीरामला जेवण जाईना. त्या दिवसांत त्याने एका नवरीच्या रुखवताच्या भांड्यांवर नवऱ्याऐवजी सासऱ्याचं नाव कोरलं, सबंध सेटवर, आणि दुकानदाराची बोलणी खाल्ली.

अशातच एका दुपारी दुकानासमोर गिरिधर कव्वाल येऊन उभे राहिले. ऐंशीला टेकलेले, हातात काठी, डोक्यावर टोपी.

"तुही वहिनी आली होती माह्या घरी," ते म्हणाले.

बळीराम कोरायचं यंत्र बंद करून उभा राहिला.

"माफी मागून गेली. माह्या सुनाईसमोर, नातवाईसमोर. मी म्हटलं, कायची माफी वं बाई, इतक्या वर्साची गोष्ट. त मले म्हने का मीबी तळघरातच हाय, माहीत नव्हतं. अन् आता घरी बसतो म्हने."

"मंग तुमी काय म्हटलं?"

गिरिधरने टोपी काढून डोकं पुसलं. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं. "मी म्हटलं, प्रेमिला, नागपूरचा उन्हाळा हाय. तळघरातच थंडावा असते. वरच्या मजल्यावर काय भाजून मरतं का?"

बळीरामला हसावं की रडावं कळेना. "मंग? थ्या हासल्या?"

"हासली थोडीशी. पन गाते का नाही थे नाही सांगतलं." आणि ते काठी टेकत गर्दीत मिसळले.

पौर्णिमेच्या संध्याकाळी कन्हानला स्टेज सजलं. बळीराम पेटी घेऊन वेळेवर पोचला होता, कारण दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नव्हतं. धम्मानंद ढोलक आवळत होता. प्रीतम आपल्या मशीनजवळ अपराध्यासारखा उभा होता. त्याला आता सगळं कळलं होतं आणि तो प्रत्येकाची माफी मागत फिरत होता. मैदान भरलं. बाईंचा पत्ता नव्हता. मेघा दर थोड्या वेळाने रस्त्यापर्यंत जाऊन येत होती.

मग मागून आवाज आला, "हळू धर गा, गुडघा हाय तो, खांब नाही." बळीरामने पेटीचा भाता उघडला. तो आवाज गुडघ्यांना शिव्या देत पायऱ्या चढत होता.

बाई आल्या. पांढरी साडी, निळा काठ. बाटली खुर्चीवर ठेवली. माईक घेतला आणि लोक टाळ्या वाजवत असतानाच हात वर केला.

"जय भीम, कन्हानवाल्याहो. मी पहिले सांगून देतो, मंग गाईन. माही पट्टी काळी चार होती. हे तुमाले माहीत हाय. थे पट्टी आता माह्या गळ्यात नाही. लय दिवसाची नाही, मले आता समजलं. मी बोलली होती का पट्टी उतरली का घरी बसीन." बाईंनी माईक दुसऱ्या हातात घेतला. "त बसून पाह्यलं. खाटीवर बसली, पंख्याखाली बसली, दारात बसली. नाही जमत बाप्पा." लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "माही माय इथून नागपूरले पायी गेली. तिले कोनी नाही इचारलं का तुहा पाय पहिल्यासारखा पडते का. थे गेली. मी माहा शब्द मोडून राहिली. ज्याले पटत नसंल त्यानं उठून जावं, मी वाईट मानत नाही."

कुणी उठलं नाही. मागच्या बाजूला एक म्हातारी मोठ्याने "म्हन वं बाई!" म्हणाली.

बाई मागे वळल्या. "बळीराम, दुपट्टा काढ तो."

त्याने काढला. खुंटी सगळ्यांसमोर उघडी पडली. इतकी वर्षं चोरासारखा तिथे जाणारा हात आता माईकसमोर, दिव्यांखाली तिथे टेकला होता.

"आज घसा सुकला हाय," बाई म्हणाल्या, माईकवरूनच. "आनखी एक घर खाली घे."

त्याने खुंटी उचलली. पट्ट्या खटकन सरकल्या, आणि तो आवाज सगळ्या मैदानाने ऐकला. धम्मानंदने ढोलक उतरवून लावला. प्रीतमने बटण चारदा दाबलं आणि मोठ्याने मोजून दाबलं. बाई तोवर शांतपणे उभ्या होत्या, जणू पोळी भाजायची वाट बघत असाव्यात.

मग त्यांनी 'माय निघाली' म्हटलं. बळीरामने ते गाणं किती वेळा वाजवलं असेल त्याला गणती नव्हती, पण त्या संध्याकाळी ते त्याने पहिल्यांदा ऐकलं. कॅसेटमधली माय तरुण होती, वाऱ्यासारखी जायची. ही माय लेकरू कडेवर घेऊन खरोखर चालत होती. दमत होती, कडेवरचं ओझं या कुशीवरून त्या कुशीवर घेत होती, आणि थांबत नव्हती. 'पुलावरून पाहे, उजाडलं काय' ही ओळ आली तेव्हा बाईंनी माईक लोकांसमोर धरला नाही. लोकांनीही ओळ उचलली नाही. ती बाईंनी एकटीने म्हटली, खाली, जवळून, आणि समोरच्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसत बसल्या. बळीरामला वाटलं, दादा असता तर हे गाणं आपण लिहिलं म्हणून त्याने पुन्हा एकदा मान ताठ केली असती.

टाळ्या थांबेनात. बाई पाणी प्यायला खुर्चीकडे आल्या, बाटली तोंडाला लावली, आणि माईक बाजूला धरून बळीरामकडे वाकल्या.

"खाली आनखी किती घरं हायेत गा?"

"लय हायेत, वहिनी."

"मंग काय चिंता हाय," बाई म्हणाल्या. "पुढचं गानं धर."